थंडी, लोखंड आणि पाच सेकंद

थंडी अंगाला लहानपणापासून ठाऊक होती. आमचे गाव निफाड तालुक्यातले. डिसेंबर-जानेवारीत राज्यातला नीचांक पुष्कळदा आमच्याच भागात नोंदवला जातो. पण थंडी डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली ती गोठ्यात. गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर यायचे. त्यांच्या मोटारसायकलला मागे एक ॲल्युमिनियमचे नळकांडे बांधलेले असायचे. त्याचे झाकण उघडले की पांढरा धूर निघायचा, आणि तो वर न जाता काठावरून खाली ओघळायचा. डॉक्टर लांब चिमट्याने आतली बारीक कांडी काढायचे, कोमट पाण्यात धरायचे आणि घड्याळाकडे बघत राहायचे. मी पुढे वाकले की आजी मागे ओढायची. "आजी, धरून ठेवा हिला," डॉक्टर म्हणायचे, "उणे एकशे शहाण्णव आहे आत. बोट गेलं तर लाकूड होईल त्याचं."

अशाच एका हिवाळ्यात एका रात्री पारा फार उतरला. वडील आणि काका रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसले, पहाटे ठिबकचे पाणी सोडले. उजाडल्यावर बघितले तर घडाघडांवर मण्यांना तडे गेलेले. वडील एक घड हातात घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे होते.

मला तेव्हा पडलेला प्रश्न फार साधा होता. नळकांड्यातली थंडी तर आमच्या बागेतल्या थंडीपेक्षा कितीतरी भयंकर. मग त्या थंडीत वासराचा जीव वर्षानुवर्षे सुरक्षित राहतो आणि या थंडीत मणी एका रात्रीत फुटतो, हे कसे? आणि ते नळकांडे स्वतः का फुटत नाही? थंडीतले पदार्थ हा माझा अभ्यासाचा विषय पुढे झाला, पण त्याचे मूळ त्या गोठ्यात आणि त्या बागेत आहे. हे पुस्तकही त्याच प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

विषयाची ओळख करून देताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. भौतिकशास्त्रात थंडी नावाची वेगळी वस्तू नाही. पदार्थातल्या अणूंची जी सततची थरथर असते तिला आपण उष्णता म्हणतो. ती काढून घेत गेले की जे उरते ती थंडी. ही थरथर कमी करत करत उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला पोचलो की आणखी काढून घेण्यासारखे काही उरत नाही. त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात आणि तिथून मोजलेल्या अंशांना केल्विन. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, द्रवरूप हायड्रोजन २० केल्विनच्या आसपास, द्रवरूप हेलियम ४.२ केल्विनला. आमच्या कामाची ही तीन मोठी गावे. त्यांच्या अलीकडे पसरलेला जो मुलूख आहे, उणे दहा, उणे चाळीस, उणे ऐंशी अंशांचा, त्यात जहाजे चालतात, रेल्वेचे रूळ टाकलेले असतात, सैनिक पहारा देतात. त्या मुलखापलीकडे अग्निबाणांची इंधने आणि रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रांचे चुंबक असतात.

उष्णता काढून घेतली की पदार्थ काय करतात हे आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते, बाटली उन्हात ठेवावी लागते. लडाखमध्ये डिझेलमधले मेण असेच थिजते आणि गाड्या जागच्या जागी अडतात. म्हणून तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये बाजारात आणावे लागले. थिजणे आपण ओळखतो, कारण ते दिसते. लोखंडाचे तसे नसते. गारठलेले लोखंड बाहेरून होते तसेच दिसते. वजन तेच, रंग तोच, हातोडीने टिचकी मारली तर आवाजही जवळजवळ तोच. बदललेला असतो तो त्याचा स्वभाव, आणि स्वभाव कळायला ते तोडून पाहावे लागते.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेतला बराचसा दिवस वस्तू तोडण्यात जातो. शार्पी चाचणी नावाची एक जुनी चाचणी आहे. जॉर्ज शार्पी या फ्रेंच अभियंत्याने १९०१ मध्ये तिची पद्धत मांडली, तेव्हापासून त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. पोलादाची कांडी घ्यायची, ५५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच जाड. तिच्या मधोमध २ मिलिमीटर खोल खाच पाडायची. खाचेचा तळ किती गोल असावा हेही ठरलेले असते, पाव मिलिमीटर त्रिज्येचा. तो जरा चुकला तर सगळे मोजमाप फुकट. अल्कोहोलमध्ये कोरडा बर्फ टाकून तयार केलेल्या थंडगार द्रवात ही कांडी बुडवून ठेवायची. ज्या चिमट्याने ती उचलायची तो चिमटाही तिच्याबरोबरच द्रवात ठेवायचा, नाहीतर उचलतानाच तो तिला ऊब देईल. मग उचलायची, यंत्राच्या दोन आधारांवर खाच मागे करून बसवायची आणि वर अडकवलेला जड लोलक सोडायचा. द्रवातून बाहेर काढल्यापासून घाव बसेपर्यंत पाच सेकंद. त्याहून जास्त लागली तर ती कांडी बाद, कारण तेवढ्यात तिने खोलीची ऊब घेतलेली असते.

या पाच सेकंदांची तालीम आम्ही रिकाम्या हातांनी करतो. नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिले काही दिवस नुसते उचल, वळ, ठेव, सोड. पाय कुठे, कोपर कुठे, श्वास कधी. अंगात बसल्याशिवाय खऱ्या नमुन्याला हात लावू द्यायचा नाही.

लोलक कांडी तोडून पलीकडे जातो आणि जितका कमी वर चढतो तितकी ऊर्जा कांडीने तुटताना खाल्ली असे समजायचे. साध्या बांधकामाच्या पोलादाची एक कांडी मी पहिल्यांदा खोलीच्या तापमानाला तोडली तेव्हा काटा सव्वाशे ज्यूलच्या आसपास थांबला होता. आवाज धप्प असा दबका आला. तुकडे वाकलेले होते, तुटलेली जागा करडी आणि तंतुमय, ऊस पिळून मोडल्यावर दिसते तशी. त्याच पट्टीतून कापलेली दुसरी कांडी उणे साठ अंशांवरून काढून तोडली. टण्ण आवाज झाला, दोन्ही अर्धे उडून जाळीवर आपटले, काटा सातावर. तुटलेली जागा सपाट होती आणि खडीसाखरेच्या खड्यासारखी चमकत होती. दोन्ही कांड्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच भट्टीतले, एकाच पट्टीतले लोखंड. एक चिवट, एक ठिसूळ. मध्ये फक्त थंडी.

हे का होते, याचे उत्तर पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे थोडक्यात सांगते. मांडवात अंथरलेली मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आपण ती अख्खी ओढत नाही. एका कडेला सुरकुती काढतो आणि ती पुढे पुढे ढकलत नेतो. धातू वाकतो तोही असाच. अणूंच्या रांगांमधल्या सुरकुत्या सरकतात म्हणून धातू घाव सोसतो, वाकतो, पण तुटत नाही. साध्या पोलादातल्या अणूंची रचना अशी आहे की सुरकुती सरकायला अणूंच्या थरथरीची मदत लागते. थंडीने ती मदत काढून घेतली की सुरकुत्या जागच्या जागी अडतात, आणि मग घावाला वाकून वाट देण्याऐवजी भेग थेट आरपार जाते. तांबे, ॲल्युमिनियम आणि निकेल भरपूर असलेले स्टेनलेस स्टील यांची अणुरचना वेगळी आहे. तिथे सुरकुत्यांना कडाक्याच्या थंडीतही वाट मिळते. डॉक्टरांचे नळकांडे ॲल्युमिनियमचे का होते, हे मला बारावीनंतर बऱ्याच वर्षांनी कळले. दाभोळला जहाजांनी येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांचा असतो, आणि अशा वायूच्या टाक्यांची आतली भिंत साधारणपणे ९ टक्के निकेल घातलेल्या पोलादाची करतात, तेही याच कारणाने.

हे ज्ञान आपल्याला स्वस्तात मिळालेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे २७०० 'लिबर्टी' मालवाहू जहाजे भराभर बांधली. घाईसाठी रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरले. त्या काळातल्या अनेक जहाजांना तडे गेले. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री तर ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला धक्क्याला बांधलेले, नुकतेच चाचणी पूर्ण करून आलेले 'स्केनेक्टडी' हे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या मधोमध मोडले. तडकल्याचा आवाज मैलभर गेला म्हणतात. वादळ नव्हते, शत्रू नव्हता. थंडीची रात्र होती.

दोष वेल्डिंगवर जात होता. इंग्लंडमध्ये केंब्रिजला कॉन्स्टन्स टिपर या धातुतज्ज्ञ बाईंनी जहाजांच्या पोलादाचे नमुने वेगवेगळ्या तापमानांना तोडून पाहिले आणि दाखवून दिले की मूळ दुबळेपणा पोलादातच आहे. एका ठरावीक तापमानाखाली ते चिवटाचे ठिसूळ होते, आणि उत्तर अटलांटिकचे पाणी त्याला तिथवर आणत होते. वेल्डिंगचा वाटा वेगळा होता. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायची. वेल्डिंगने सगळे जहाज एकसंध केल्यावर तिला थांबवणारे काही उरले नाही. डेकवरच्या मालाच्या दारांचे चौकोनी कोपरे भेगेला सुरुवात करून देत. टिपरबाईंच्या कामामुळे जहाजाचे पोलाद निवडण्याची रीत बदलली. मी ज्या पट्टीने आज मोजते तिच्या मागे त्यांचे हात आहेत, असे मी मानते.

धातूंचे जे, तेच रबराचे. रबर लवचीक राहते ते त्याच्या लांबलचक रेणूंची वळवळ चालू असते तोवर. थंडीत ती मंदावते आणि रबर आधी सुस्त होते, मग काचेसारखे कडक. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी 'चॅलेंजर' अवकाशयान उडाले तेव्हा हवेचे तापमान सुमारे २ अंश होते. घन इंधनाच्या बूस्टरचे सांधे बंद करणारी रबरी कडी त्या थंडीत वेळेवर फुगून बसली नाही आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या संध्याकाळीच सांधे बनवणाऱ्या अभियंत्यांनी १२ अंशांखाली उडवू नका असे सांगितले होते. पुढे चौकशी समितीच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी कडीचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला आणि बाहेर काढून दाखवला. तो काही सेकंद पूर्ववत झालाच नाही. एक ग्लास बर्फपाणी, एक चिमटा, काही सेकंद. आमच्या कामाचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही. फक्त ते प्रात्यक्षिक उड्डाणानंतर झाले, आणि ते ज्ञान उड्डाणाआधी खोलीत हजर होते.

आपल्याकडचेही उदाहरण द्यायला हवे. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० या अग्निबाणाची मोहीम वरच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, टप्प्याने साथ न दिल्याने अपुरी राहिली. समितीने तपास केला तेव्हा माग एका झडपेच्या मऊ सीलपर्यंत गेला. तिथून गळती होऊन द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतला दाब इंजिन पेटायच्या वेळी कमी पडला. इस्रोने हे सगळे जाहीर केले, झडप आणि तिच्या भोवतालची व्यवस्था भक्कम करण्याच्या शिफारशी झाल्या, आणि २९ मे २०२३ ला त्याच मालिकेतले पुढचे यान एनव्हीएस-०१ उपग्रह घेऊन कक्षेत पोचले. ज्या देशात २०१४ च्या जानेवारीत स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा यशस्वी झाले, त्या देशात असे शोधणे आणि सांगणे दोन्ही होते, याचा मला यशाइतकाच अभिमान वाटतो.

थंडी फक्त तोडते असे मात्र वाचकांनी समजू नये. तिने पदार्थांची अशी रूपे दाखवली आहेत जी उबेत कधीच दिसली नसती. हॉलंडमध्ये लायडन येथे हाइके कामर्लिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ ला हेलियम द्रवरूप केला, आणि १९११ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनजवळ एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकता तिथे जन्मली. ओनेस यांना १९१३ चे नोबेल मिळाले. पण त्या यशामागे काच फुंकणारे, नळ्या जोडणारे, पंप सांभाळणारे कितीतरी कारागीर होते. त्यांना शिकवण्यासाठी ओनेस यांनी प्रयोगशाळेलाच जोडून शाळा चालवली होती. प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या गिलेस होल्स्ट यांचे नाव त्या शोधनिबंधावर आले नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथ अतिसंवाहक होते हे सिद्ध झाले, तेही निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.५३ मिलिकेल्विनला, आणि प्रचलित सिद्धांताला त्याचा उलगडा होत नव्हता. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात उणे २० अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकाचे बर्फगाभे ठेवले आहेत. त्यांच्या बुडबुड्यांत जुनी हवा अजून बंद आहे. आमच्या गोठ्यातल्या कांडीसारखीच ही राखण.

या कामात रोज काय सांभाळावे लागते, तेही पुस्तकात मी मोकळेपणाने लिहिले आहे, कारण विद्यार्थ्यांना ते कुणी सांगत नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनची वाफ होते तेव्हा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू हलकेच बाजूला सारतो. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरतो आहोत हे कळायच्या आत माणूस कोसळू शकतो. म्हणून द्रवाचे भांडे लिफ्टमधून न्यायचे तर ते एकटे जाते, माणूस जिन्याने. पँट बुटात खोचायची नाही, बुटाच्या वरून सोडायची, म्हणजे सांडलेला द्रव आत साठणार नाही. हातमोजे सैल हवेत, झटकले की निघतील असे. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी जखमेतून आलेला आहे.

भाषेबद्दल थोडे. आपल्याकडे थंडीसाठी शब्दांची वाण नाही: गारवा, गारठा, हिव, कडाका, काकडा. पदार्थांसाठीही चिवट, ठिसूळ, लवचीक, कणखर हे शब्द सुतार-लोहारांनी घासूनपुसून ठेवलेले आहेत, आणि शास्त्रीय अर्थाला ते चपखल बसतात. ते मी निःशंक वापरले. क्रायोस्टॅट, व्हॅक्यूम, सील हे शब्द प्रयोगशाळेत सगळेच बोलतात, तेही तसेच ठेवले. पाठ्यपुस्तकी जोडशब्दांच्या वाटेला फारशी गेले नाही.

शेवटी, हे पुस्तक लिहायला मला ज्या गोष्टीने भाग पाडले ती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी मी पोलादाच्या एका मालाची तपासणी करत होते. प्रत्येक तापमानाला तीन कांड्या तोडायच्या अशी रीत आहे. दोन चांगल्या निघाल्या. तिसरी नऊ ज्यूलला तुटली, खडीसाखरेसारखी. वरिष्ठ म्हणाले, "नमुनाच खराब असेल. दुसरा घ्या." मी दुसरा घेतला. तो चांगला निघाला. अहवाल स्वच्छ गेला. मी काही बोलले नाही. त्या पोलादाचे पुढे काय झाले मला कळले नाही; कुठे काही मोडल्याचे माझ्या कानावर कधी आले नाही. पण कांडी खराब आहे असे म्हणायला आमच्याकडे कोणताही पुरावा नव्हता. ती नको ते सांगत होती, एवढेच तिचे चुकले होते.

तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पाच सेकंदांच्या तालमीबरोबर आणखी एक गोष्ट शिकवते. तुटलेला प्रत्येक नमुना, मनासारखा असो वा नसो, दोन्ही अर्धे तारेने बांधून, तारीख-तापमान लिहून पाकिटात ठेवायचा आणि वहीत त्याच दिवशी शाईने नोंदवायचा. आपली कांडी इथे तुटते, ती कुठल्यातरी जहाजाने, टाकीने, यानाने तिथे तुटू नये म्हणून. तिचे सांगणे पुढे पोचवले नाही तर तिला तोडण्यात काही अर्थ उरत नाही.

ती तिसरी कांडी मी टाकली नाही. हे लिहीत असताना तिचे दोन्ही तुकडे टेबलावर आहेत. इतक्या वर्षांत चमकणाऱ्या जागेवर गंजाचा पातळ थर चढला आहे. तिची नोंद त्या अहवालात नाही. नऊ ज्यूल, उणे चाळीस अंश, तीनपैकी तिसरा नमुना. ती आज इथे करते आहे.